आपल्यासाठी बोलणार कोण?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या क्लब हाउसमध्ये ज्येष्ठ सभासद व त्यांच्या कुटुंबीयांसाठी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. वक्त्या ‘सी’ विंगमधील रहिवासी असून गेली २२ वर्षे पुण्यात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करतात.)



कमिटीने मला विषय दिला होता, ‘उतारवयातील आरोग्य’. मी म्हटलं, साखर, बीपी, गुडघे यांवर बोलतेच, पण शेवटच्या आजारपणाबद्दलही बोलू द्या. त्यावर मीटिंगमध्ये थोडी कुजबुज झाली. रौप्यमहोत्सवासारख्या आनंदाच्या वर्षात असला विषय कशाला, असं काहींना वाटलं. तेव्हा ‘ए’ विंगमधले एक काका म्हणाले, “पंचविसाव्या वर्षी नाही बोलायचं, तर काय पन्नासाव्या वर्षी बोलायचं? तेव्हा आम्ही कुठे असणार!” सगळे हसले आणि विषय मंजूर झाला.

काकांचं म्हणणं खरं आहे. पझेशन मिळालं तेव्हा आपल्यातले बहुतेक जण चाळिशी-पन्नाशीत होते. इमारतीला दोनदा रंग झाला, लिफ्ट बदलली, वॉटरप्रूफिंग झालं. सगळ्याची नोंद कमिटीच्या फायलींत आहे. आपल्या शरीराची मात्र अशी फाइल फार थोड्या घरांत सापडते.

आता एक प्रश्न विचारते. फ्लॅटचा नॉमिनेशन फॉर्म सोसायटीच्या ऑफिसात भरून दिलाय असे किती जण? हात वर करा. छान, जवळजवळ सगळेच. बँकेत, पोस्टात, म्युच्युअल फंडातही नॉमिनी लावलाय. आता सांगा, उद्या मी बेशुद्ध असेन, मला बोलता येत नसेल, तर माझ्या उपचारांबद्दल माझ्या वतीने कोणी बोलायचं आणि काय बोलायचं, हे लिहून ठेवलंय असे किती जण? … दोन हात. आजचं सगळं बोलणं या दोन हातांपासून आहे.

आधी आपला आजार आपल्याला कळू दे

शेवटाकडे नंतर जाऊ. सुरुवात आपल्या औषधांच्या पिशवीपासून करू.

माझ्या दवाखान्यात कोणी नवीन ज्येष्ठ पेशंट आले की मी सांगते, घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणा. रोजच्या, अधूनमधूनच्या, शेजारच्या वहिनींनी दिलेल्या, आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, सगळ्या. पिशवी टेबलावर रिकामी केली की गंमत दिसते. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी चालू असतं, कारण एक हृदयाच्या डॉक्टरांनी दिलं आणि दुसरं साखरेच्या. कधी गुडघ्यांसाठी तीन वर्षांपूर्वी पाच दिवस दिलेली वेदनाशामक गोळी अजून रोज चालू असते. ती बीपी वाढवते आणि मूत्रपिंडांना त्रास देते हे कोणी सांगितलेलंच नसतं.

आणि विचारलं, “काकू, ही कशाची गोळी?” तर उत्तर येतं, “ती गुलाबी ना? सकाळची.” रंग माहीत आहे, वेळ माहीत आहे, कशासाठी ते माहीत नाही. मग एक दिवस बीपी १३०/८० येतं, आणि “आता नॉर्मल झालं” म्हणून गोळी बंद होते. काकू, ते नॉर्मल गोळीमुळेच झालंय!

यात दोष तुमचा एकट्यांचा नाही. आम्ही डॉक्टर भरभर बोलतो, इंग्रजीत बोलतो, आणि पुष्कळदा तुमच्याशी न बोलता शेजारी बसलेल्या मुलाशी बोलतो. म्हणून तुम्हीच काही सवयी लावून घ्या. ऐकायचं यंत्र आणि चष्मा घालूनच डॉक्टरांकडे जा. विचारायचे प्रश्न घरूनच कागदावर लिहून न्या. आणि उठायच्या आधी म्हणा, “डॉक्टर, मला काय समजलं ते सांगतो, बरोबर आहे का बघा.” या एका वाक्याने जेवढे घोटाळे टळतात तेवढे दुसऱ्या कशाने टळत नाहीत.

एक कागद करा. मोठ्या अक्षरांत. नाव, वय, रक्तगट, आजार, चालू औषधं आणि ती कशासाठी, कशाची ॲलर्जी, झालेली ऑपरेशनं, फॅमिली डॉक्टरांचा आणि दोन नातेवाइकांचा नंबर. तो फ्रिजच्या दारावर लावा. रात्री दोन वाजता शेजारी धावून येतात तेव्हा कपाटात काय आहे हे त्यांना माहीत नसतं, पण फ्रिज सापडतो.

धावायचं कधी

काही वेळा अजिबात थांबायचं नाही. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळायला लागलं, तर तो पक्षाघात समजा. ‘जरा झोपले की बरं वाटेल’ म्हणू नका. तोंडात पाणी, चहा, कसलीही गोळी घालू नका. सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलात लगेच न्या. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सगळ्यांना चालत नाही, पण ज्यांना चालतं त्यांना ते साधारण साडेचार तासांच्या आत मिळावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. म्हणून माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा.

मधुमेह असणाऱ्यांना हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. नुसता घाम, धाप, मळमळ, एकदम आलेला थकवा. त्याला ‘गॅस’ म्हणून सोडा-लिंबू पाजत बसू नका. १०८ ला फोन करा.

हे मुद्दाम आधी सांगितलं. पुढे मी जे बोलणार आहे त्यातून कोणी ‘म्हातारपणी उपचार घेऊच नयेत’ असा अर्थ काढू नये. ८२ वर्षांच्या आजींना न्यूमोनियासाठी चार दिवस व्हेंटिलेटरवर ठेवून घरी परत आलेलं मी पाहिलंय. त्या अजून गौरी-गणपतीच्या पुरणपोळ्या स्वतः करतात. आयसीयू ही वाईट जागा नाही. ती कोणासाठी, कशासाठी आणि किती दिवस, एवढाच प्रश्न आहे.

“त्यांना सांगू नका हं, डॉक्टर”

पेशंट बाहेर बसलेत, मुलगा नाहीतर सून हळूच आत येते आणि हे वाक्य म्हणते. मला ते महिन्यातून एक-दोनदा ऐकू येतं. त्यामागे प्रेमच असतं. ‘बाबा खचतील, जेवण सोडतील.’

एक निवृत्त मुख्याध्यापक होते. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. घरच्यांनी सांगितलं होतं, ‘अल्सर आहे.’ दोन महिने सगळं घर त्यांच्यासमोर हसून बोलत होतं आणि स्वयंपाकघरात रडत होतं. एकदा मी घरी तपासायला गेले तेव्हा ते म्हणाले, “डॉक्टर, चाळीस वर्षं पोरांचे पेपर तपासले. कोण खोटं लिहितंय ते मला कळतं. पण ही सगळी माझ्यासाठी एवढी धडपडतायत, म्हणून मीही गप्प आहे.” म्हणजे घरच्यांनी त्यांच्यापासून लपवलं होतं आणि त्यांनी घरच्यांपासून. एकाच घरात दोघंही एकटे.

त्यांच्या परवानगीने मी सगळ्यांना एकत्र बसवलं. रडारड झाली. मग त्यांनी सांगितलं की सांगलीला धाकटा भाऊ आहे, जमिनीवरून अकरा वर्षं बोलणं बंद आहे, त्याला भेटायचंय. त्या आठवड्यात गाडी करून मुलगा त्यांना घेऊन गेला. पंधरा दिवस उशीर झाला असता तर तो प्रवास त्यांना झेपला नसता. जे सांगितलं नाही त्याची किंमत अशी असते. माणसाचे उरलेले दिवस त्याचे स्वतःचे आहेत, आणि त्यांत काय करायचं हे ठरवायला आधी त्याला ते माहीत तर हवं.

उलटही सांगते. एक आजी मला म्हणाल्या, “मला काही सांगत बसू नकोस, बाई. माझ्या लेकीला सांग, ती ठरवेल.” तोही त्यांचा हक्क. म्हणून सांगायचं किंवा नाही हे नातेवाइकांनी ठरवायचं नाही, पेशंटलाच विचारायचं, “तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायला आवडेल?” आणि तुम्ही आज ठणठणीत असताना मुलांना सांगून ठेवा, की माझ्यापासून लपवू नका, किंवा मला सांगू नका. जे असेल ते.

मोठा आजार निघाला तर डॉक्टरांना हे पाच प्रश्न विचारा. लिहून घ्या.

१. मला नेमकं काय झालंय?
२. हा उपचार आजार बरा करण्यासाठी आहे, आयुष्य वाढवण्यासाठी आहे, की त्रास कमी करण्यासाठी?
३. उपचार घेतला तर माझे रोजचे दिवस कसे असतील? चालता, जेवता, बोलता येईल का?
४. घेतला नाही तर काय होईल?
५. खर्च किती, आणि उपयोग होत नाहीये असं दिसलं तर कुठे थांबायचं?

पाचवा प्रश्न विचारायला लोक लाजतात. लाजू नका. ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना आता उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मान योजनेतलं ‘वय वंदना’ कार्ड काढता येतं. वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं संरक्षण, योजनेतल्या हॉस्पिटलांत. ते जरूर काढा. पण घरची नर्स, आया, डायपर, ऑक्सिजन यांचा खर्च त्यात बसत नाही, आणि शेवटच्या आजारात तोच महिनोन्‌महिने चालतो. त्याची तजवीज वेगळी करा.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे काय

‘आता आमच्या हातात काही नाही’ हे वाक्य खरं तर कोणत्याच डॉक्टरने बोलू नये. आजार बरा करणं हातात नसलं तरी दुखणं, धाप, उलट्या, बद्धकोष्ठता, झोप न लागणं, भीती, यांवर करण्यासारखं खूप असतं. त्यालाच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. तिची आधुनिक सुरुवात डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढून केली. त्या आधी नर्स होत्या, मग समाजसेविका झाल्या, मग डॉक्टर. दुखणं फक्त शरीराचं नसतं, मनाचं, नात्यांचं आणि श्रद्धेचंही असतं, ही त्यांची शिकवण. आपल्या देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झालं. आपल्या पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे. कॅन्सरच्या पेशंटची तिथे विनामूल्य काळजी घेतली जाते, नातेवाइकांनाही शिकवलं जातं. केरळात तर गावोगावचे स्वयंसेवक शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे जातात.

ही सेवा फक्त शेवटच्या आठवड्यात घ्यायची नसते. मोठा आजार निघाल्यापासून चालू उपचारांच्या बरोबरीने घेता येते. आणि ती फक्त कॅन्सरसाठी नाही. थकलेलं हृदय, निकामी होत चाललेली मूत्रपिंडं, फुफ्फुसाचा जुना आजार, पार्किन्सन्स, स्मृतिभ्रंश, या सगळ्यांसाठी आहे.

मॉर्फिनचं नाव काढलं की घरचे दचकतात. ‘सवय लागेल’, ‘म्हणजे आता संपलंच’. कॅन्सरच्या वेदनेसाठी तोंडाने घ्यायचं मॉर्फिन, जाणकार डॉक्टरांनी थोड्या मात्रेपासून वाढवत नेलं तर ते सुरक्षित आहे. बद्धकोष्ठता होते, म्हणून पोट साफ व्हायचं औषध बरोबर द्यावं लागतं. ते सहज मिळावं म्हणून २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्तीही झाली. वेदनेने रात्रभर कण्हत राहण्यात कसलंच पुण्य नाही.

सही करणाऱ्याचा हात

आता अवघड भाग.

एका घरातली गोष्ट. वडील ८६ वर्षांचे, स्मृतिभ्रंश शेवटच्या टप्प्यात, दोन वर्षं अंथरुणावर, मुलांनाही ओळखत नव्हते. छातीत संसर्ग झाला, श्वास लागला. मोठा मुलगा इथेच राहणारा, त्याने आणि त्याच्या बायकोने सगळं केलेलं. त्याला वाटत होतं, आता नळ्या नकोत. धाकटा परदेशात. तो फोनवर म्हणाला, “काहीही करा, पैसे मी पाठवतो, पण मी येईपर्यंत बाबांना ठेवा.” व्हेंटिलेटर लागला. १९ दिवस. हात बांधावे लागले, कारण ते नळी ओढायचे. शेवट तिथेच झाला.

दोघांपैकी कोणी वाईट नव्हतं. दोघांचंही वडिलांवर प्रेम होतं. पण वडिलांना काय हवं होतं हे दोघांनाही माहीत नव्हतं, कारण त्या घरात त्यावर कधी बोलणंच झालं नव्हतं. मोठा मुलगा अजून मला विचारतो, “डॉक्टर, मी बाबांचे हाल केले का?” आणि तो अडून बसला असता तर त्याने विचारलं असतं, “मी बाबांना मारलं का?” दोन्हीकडून तोच फसला. म्हणून मी म्हणते, आपण लिहून ठेवायचं ते फक्त आपल्यासाठी नाही. आपल्या मुलांपैकी ज्याला त्या रात्री फॉर्मवर सही करावी लागणार आहे, त्याच्यासाठी.

कायदा काय सांगतो

केईएम हॉस्पिटलमधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचं नाव तुम्हाला आठवत असेल. १९७३ साली त्यांच्यावर हल्ला झाला आणि २०१५ साली त्या गेल्या, तोपर्यंत तिथल्या परिचारिकांनी त्यांना घरच्या माणसासारखं सांभाळलं. त्यांच्याबाबतची याचिका सुप्रीम कोर्टाने २०११ साली फेटाळली, पण त्याच निकालात, काही परिस्थितींत निरर्थक ठरलेले उपचार थांबवता येतील हे तत्त्व मान्य केलं. पुढे ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं, की सन्मानाने मरण येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि सज्ञान माणूस आपली इच्छा आधी लिहून ठेवू शकतो. त्या कागदाला ‘लिव्हिंग विल’ म्हणतात. आपण त्याला वैद्यकीय इच्छापत्र म्हणू.

२०१८ ची पद्धत फार किचकट होती, मॅजिस्ट्रेटची सही लागायची. जानेवारी २०२३ मध्ये कोर्टाने ती सोपी केली. आता असं आहे:

• करणारा सज्ञान आणि शुद्धीत असावा, स्वतःच्या मर्जीने आणि समजून-उमजून करणारा असावा.
• दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं.
• आपल्याला बोलता येत नसेल तेव्हा आपल्या वतीने बोलणाऱ्या व्यक्तीचं नाव त्यात लिहायचं. एकापेक्षा जास्त नावंही देता येतात.
• एकेक प्रत त्या व्यक्तींना, फॅमिली डॉक्टरांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्यासाठी महापालिकेकडे द्यायची.
• मन बदललं तर ते कधीही लेखी बदलता किंवा रद्द करता येतं.

हा कागद केला की लगेच उपचार बंद होतात असं मुळीच नाही. तुम्ही बोलू शकत असाल तोपर्यंत तुमचं तोंडी म्हणणंच चालतं, कागद कोणी बघणार नाही. आजार बरा होण्याची आशा नाही आणि तुम्हाला निर्णय घेता येत नाही, अशाच वेळी तो उघडायचा. तेव्हाही हॉस्पिटलातलं डॉक्टरांचं एक मंडळ आधी मत देतं. मग दुसरं मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो, ते तपासतं. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावं असं सांगितलंय. त्यानंतर मॅजिस्ट्रेटना कळवून मगच नळ्या काढतात. म्हणजे कोणा एकाच्या लहरीवर काही होत नाही. आणि विषारी इंजेक्शन देऊन मृत्यू आणणं आपल्याकडे गुन्हाच आहे. इथे फक्त मरण लांबवणारं यंत्र बाजूला करायचं आहे, काळजी घेणं थांबवायचं नाही.

त्यात काय लिहायचं? साधं, आपल्या शब्दांत. मी माझं ५१ व्या वर्षी केलंय. त्यात लिहिलंय, बरी होण्याची शक्यता असेल तर सगळे उपचार करा. माणसं ओळखण्याच्या स्थितीत मी परत येणार नसेन तर व्हेंटिलेटर, डायलिसिस आणि छाती दाबून हृदय चालू करण्याचे प्रयत्न नकोत. दुखणं आणि धाप कमी करणारी औषधं मात्र हवीत, त्यांनी गुंगी आली तरी चालेल. शक्य असेल तर घरी ठेवा. तुमचं वेगळं असेल. ‘शेवटपर्यंत सगळे प्रयत्न करा’ अशी कोणाची इच्छा असेल तर तीही तितक्याच आदराने लिहा. बरोबर आणि चूक असं त्यात काही नाही.

घरी शेवट

पुष्कळ जण म्हणतात, “मला माझ्या घरात, माझ्या माणसांत जायचंय.” त्याची तयारी लागते.

शेवटच्या दिवसांत भूक जाते. शरीरालाच अन्न नको असतं. ‘दोन घास तरी घ्या’ म्हणून भरवत राहिलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. ओल्या कापसाने ओठ आणि तोंड ओलं ठेवा. झोप वाढते, हातपाय गार पडतात, श्वास मधेच थांबून पुन्हा सुरू होतो, घशात घरघर होते. ती ऐकणाऱ्याला फार लागते, पण पेशंट तेव्हा बहुधा शुद्धीत नसतो. कूस बदलून द्या. हात हातात घ्या. ते ऐकतायत असं समजून बोला.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांचा दाखला लागतो आणि तो आजारात तपासणारे डॉक्टरच देऊ शकतात. म्हणून अशा पेशंटला फॅमिली डॉक्टरांनी वेळोवेळी घरी येऊन पाहिलेलं असू द्या. नाहीतर त्या क्षणी दाखल्यासाठी धावाधाव होते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते.

सोसायटी काय करू शकते

हे मी मुद्दाम कमिटीसमोर मांडते. आपल्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही. मोजून पाहिलंय. त्यामुळे एक चाकाची खुर्ची आणि उचलून नेता येईल असं कापडी स्ट्रेचर सोसायटीने घेऊन ठेवावं. रात्री गेटपासून ‘डी’ विंगपर्यंत ॲम्ब्युलन्स आत येईल इतकी वाट पार्किंगमधून मोकळी राहावी. एकटे राहणाऱ्यांनी एक किल्ली शेजारी ठेवावी. आणि वॉचमनच्या केबिनमध्ये १०८ बरोबर ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा, १४५६७ हा नंबर मोठ्या अक्षरांत लावावा.

काही प्रश्न

व्याख्यानानंतर आलेल्या प्रश्नांपैकी तीन इथे देते.

“मुलांसमोर हा विषय काढला की ती म्हणतात, अशुभ बोलू नका. काय करायचं?” काकू, मृत्युपत्राबद्दलही पूर्वी असंच म्हणायचे. ‘माझ्या मरणाबद्दल बोलू या’ असं सुरू करू नका. ‘तुला नंतर त्रास होऊ नये म्हणून एक सांगून ठेवते’ असं म्हणा. मुलं ऐकतात.

“मुलं नाहीत, मिस्टर गेले. माझ्या वतीने कोण बोलणार?” भाची, पुतण्या, जुनी मैत्रीण, जिच्यावर भरवसा आहे अशी कोणीही. फक्त तिला आधी विचारा, आणि आपलं मन तिच्यापाशी नीट उघडं करा. उद्या डॉक्टरांसमोर ठाम उभं राहू शकेल अशी व्यक्ती निवडा. तुमच्यासाठी तर हा कागद सगळ्यांत जास्त गरजेचा आहे.

“मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, साखरही आहे. नेत्रदान चालतं का?” चालतं. वयाचीही आडकाठी नाही. मृत्यूनंतर साधारण ६ तासांच्या आत व्हावं लागतं. नेत्रपेढीला फोन करा, पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. देहदान करायचं असेल तर मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे आधी फॉर्म भरा. पण फॉर्म भरला तरी त्या वेळी नातेवाइकांची तयारी लागतेच, म्हणून त्यांनाही सांगून ठेवा.

आता एक काम देते. या रविवारी जेवणं झाली की टीव्ही अर्धा तास बंद ठेवा. औषधांची पिशवी काढा, फ्रिजवरचा कागद लिहा, आणि घरच्यांना एवढं सांगा, की मला बोलता येत नसेल तेव्हा माझ्या वतीने कोणी बोलायचं. सगळं एका बैठकीत होणार नाही, होऊही नये. पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते एक कमिटीने याच हॉलमध्ये नोटरींना बोलावलं आहे. साक्षीदार म्हणून युवक मंडळातली मुलं थांबणार आहेत. मी असेनच. ज्यांना कागद करायचाय त्यांनी या, ज्यांना नुसतं विचारायचंय त्यांनीही या. चहा कमिटीतर्फे आहे.